मागावर असणे

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलाने परवा मराठीचा तपासलेला पेपर माझ्यापुढे ठेवला. प्रश्न नेहमीचाच होता: वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. वाक्प्रचार, 'मागावर असणे'. मुलाने लिहिलं होतं, 'अर्थ: कापड विणणे. वाक्य: माझे वडील रात्रपाळीला मागावर असतात.' त्यावर लाल शाईची मोठी फुली आणि शेजारी शून्य.

"बाई, पण पप्पा खरंच मागावर असतात की," तो म्हणाला. रडवेला झाला होता.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या कुणालाही ते वाक्य चुकीचं वाटणार नाही. कुणाच्या दारात उभं राहून "आहेत का घरी?" असं विचारलं, की आतून आवाज येतो, "नाहीत, मागावर गेलेत." त्यात ना चोर असतो ना पोलीस. पण त्याच घरात त्याच सकाळी वर्तमानपत्र येऊन पडलेलं असतं आणि त्यात मथळा असतो, 'चोरटे पसार, पोलीस मागावर'. दोन्ही वाक्यं चोख मराठी. शब्दात काना-मात्रेचाही फरक नाही. मग मुलाला शून्य का?

त्याला मी त्या संध्याकाळी जे सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते. एकाच शब्दाला दोन दूरदूरचे अर्थ असले तर तो एकच शब्द मानायचा की दोन, आणि ते ठरवायचं कशावरून, हा भाषेच्या अभ्यासातला अवघड प्रश्न आहे. शाळेच्या व्याकरणात 'अनेकार्थी शब्द' या एका टोपलीत सगळं टाकून आपण मोकळे होतो. सोलापुरात मात्र हा प्रश्न हातात धरून दाखवता येतो, कारण इथे माग घरोघरी आहे.

आधी तो माग बघू. कापड म्हणजे उभ्या आणि आडव्या सुतांची गुंफण. उभं सूत तो ताणा, आडवं तो बाणा. उभं सूत ताठ धरून ठेवायचं आणि आडव्या सुताला त्यातून जायला वाट करून द्यायची, एवढंच मागाचं काम. यंत्रमागाच्या पाठीमागे बीम असतो, म्हणजे उभ्या सुताने भरलेला मोठा रूळ. त्यावरून निघालेली प्रत्येक तार आधी वहीच्या डोळ्यातून जाते, मग फणीच्या दोन दातांमधून पुढे येते. (ही वही शाळेच्या दप्तरातली नव्हे. कामगार 'वही-फणी' असं जोडीनेच म्हणतात.) एक वही वर उचलली जाते, दुसरी खाली जाते, की सुतांच्या दोन थरांमध्ये फट पडते. त्या फटीतून धोटा सुटतो. धोटा म्हणजे होडीसारखा निमुळता लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात सुताने भरलेली कांडी. तो या कडेहून त्या कडेला जाताना मागे एक आडवं सूत टाकून जातो. लगेच फणी पुढे येऊन ते सूत ठोकून घट्ट बसवते. वह्या अदलाबदल करतात, धोटा परत फिरतो. खट्, खट्, खट्. मिनिटाला शंभरावर वेळा हे चालू असतं, आणि एका छपराखाली असे अनेक माग असले की शेजारच्या माणसाशी ओठांच्या हालचालींवरूनच बोलावं लागतं.

पूर्वी विणकर धोटा हाताने एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने झेलायचा, त्यामुळे कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, दोन हातांच्या आवाक्याएवढाच राहायचा. १७३३ साली इंग्लंडमध्ये जॉन के याने दोरीच्या झटक्याने धोटा फेकायची युक्ती काढली आणि पन्ह्याची ती मर्यादा गेली. पुढे दोरी ओढणारा हातही गेला आणि त्याच्या जागी आधी वाफ, मग वीज आली. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिला लोक अजून 'जुनी गिरणी' म्हणूनच ओळखतात. पण गिरण्या बंद पडल्या तरी शहराचं विणकाम थांबलं नाही. ते घराघरांत, छोट्या छोट्या कारखान्यांत, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या हातात राहिलं. आज सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, ते या मागांच्या जिवावर.

आता या मागाचे भाग बघा. जवळजवळ प्रत्येक नाव दुसरीकडेही कुठेतरी कामाला लागलेलं आहे. फणीच घ्या. केसांची फणी, मागाची फणी आणि केळ्यांची फणी. तिन्हींमध्ये काय सारखं आहे ते तुम्ही न सांगताच ओळखलं असेल: एका रांगेत, एकमेकांशेजारी, सारख्या अंतराने उभे असलेले दात. केसांच्या फणीवरून मागाच्या फणीकडे एका पावलात जाता येतं आणि तिथून केळ्यांच्या फणीकडे दुसऱ्या पावलात. मधे उडी मारावी लागत नाही. असं चालत जाता आलं, की समजावं, शब्द एकच आहे आणि त्याने आपला संसार वाढवला आहे. कांडीचंही तेच. धोट्यातली कांडी काय, गोष्टीतली जादूची कांडी काय, आखूड, गोल, हातात मावणारी वस्तू ती कांडी.

ताणा हा शब्द तर मला फार आवडतो, कारण त्यातला अर्थ डोळ्यांनी दिसतो. ताणून धरलेलं ते ताणा. मनावरचा ताण, नात्यातली ताणाताणी, गोष्ट ताणणे, हे सगळं त्याच कुळातलं. टेरी टॉवेल विणताना मागावर दोन बीम लागतात. एका बीमवरच्या तारा ताठ ओढलेल्या असतात, दुसऱ्यावरच्या मुद्दाम सैल सोडलेल्या. पहिल्या दोन वेळी फणी आडवं सूत पूर्ण न ठोकता जरा अलीकडेच सोडते, तिसऱ्या वेळी तिन्ही सुतं एकदम पुढे ढकलते. ताठ तारा जागच्या जागी राहतात आणि सैल तारांचे फुगून वेटोळे होतात. टॉवेलवरचे ते मऊ वेटोळे, ज्यांच्यामुळे अंग पुसलं जातं, ते म्हणजे एका ताण्याला ताण न दिल्याचा परिणाम. मुलाला मी न्हाणीघरातला टॉवेल आणून दाखवला. एक वेटोळं चिमटीत धरून ओढलं की ते किती सहज लांब येतं, आणि खालची तार मात्र हलत नाही.

चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी येते ती जकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर बसवलेलं हे यंत्र भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वाचतं. जिथे भोक तिथली तार वर, जिथे नाही तिथली खाली. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोझेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. म्हणजे जकार्ड हे आधी माणसाचं आडनाव, मग यंत्राचं नाव, आणि आता 'जकार्ड चादर' म्हटलं की कापडाच्या जातीचं नाव. त्या माणसाविषयी काहीही ठाऊक नसलेला कामगार "जकार्डचा पुठ्ठा फाटलाय" असं रोज म्हणतो. इथेही पावलापावलाने चालत जाता येतं, तेव्हा शब्द एकच.

आता मागाकडे येऊ, कारण तिथे पाऊल अडतं. 'पोलीस मागावर' मधला माग म्हणजे पाऊलखूण, सुगावा. 'पप्पा मागावर' मधला माग म्हणजे विणायचं यंत्र. एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत कसं जायचं? मला पुष्कळांनी एक उत्तर दिलं आहे: धोटा ज्या वाटेने जातो तो मार्ग, म्हणून त्या यंत्राचं नाव माग. ऐकायला गोड आहे. मीही पूर्वी मुलांना तेच सांगायचे. पण शब्दाचं मूळ गोडीवर ठरत नाही. त्याचे नातेवाईक कुठे राहतात, तिथे जाऊन बघावं लागतं.

पाऊलखुणेच्या मागाचे नातेवाईक शोधणं सोपं आहे. मराठीतल्या जुन्या घरगुती शब्दांचा एक नियम आहे. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी व्यंजन झालं, आणि मराठीत येताना त्यातलं एक व्यंजन गळून पडलं. पण गेलेल्या व्यंजनाची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. हस्त, मग हत्थ, मग हात. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. अग्नि, अग्गि, आग. सूत्र, सुत्त, सूत. तसंच मार्ग, मग्ग, माग. एकदा हा नियम कानात बसला की तो सगळीकडे ऐकू येऊ लागतो. मुलाला मी 'अष्ट' दिलं आणि विचारलं, पुढे काय? त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "अट्ठ... आठ!" त्या वेळी त्याचा चेहरा बघायला हवा होता.

तर हा माग मार्गाचा मुलगा. आणि मार्ग कुणाचा? मृगाचा. संस्कृतात मृग म्हणजे मुळात कुठलंही रानटी जनावर, हरणापुरता तो शब्द पुढे आवळला गेला. जनावरांच्या जाण्यायेण्याने रानात जी वाट पडते ती मार्ग. त्या वाटेवरून जनावराला हुडकत जाणं ते मार्गण, म्हणजे शोध. आता मराठीत या कुळाने काय काय केलं ते बघा. जनावर पुढे निघून जातं आणि त्याच्या खुणा पाठीमागे राहतात. म्हणून मागे म्हणजे पाठीकडे. जे मागे राहिलं ते होऊन गेलेलं, म्हणून मागच्या वर्षी, मागे एकदा. खुणांवरून शोध घेणं ते मागोवा घेणं. खूणच सापडली नाही तर मागमूस नाही. एकाच्या पाठीवर दुसरा तो मागोमाग. जो मागे पडला तो मागास. आणि शोधणं म्हणजे हवं असणं, हवं असेल तर हात पुढे करणं, म्हणून मागणे, मागणी, मुलीला मागणी घालणे. एका रानातल्या पायवाटेपासून लग्नाच्या बैठकीपर्यंत ही वाट कुठेही तुटत नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला की आपण आभाळाकडे बघतो आणि पेरणीचं बोलतो, पण 'मागच्या वर्षी मृगात पाऊस झाला होता' या वाक्यात एकाच घराण्याचे दोन शब्द शेजारी बसलेत हे ध्यानातही येत नाही.

एवढ्या मोठ्या कुळात यंत्राला कुठेच जागा सापडत नाही. वाटेवरून यंत्राकडे नेणारी एकही पायरी नाही. तेव्हा यंत्रमागाचे नातेवाईक दुसरीकडे शोधायला हवेत. उत्तरेला आणि पश्चिमेला जाऊन बघू. हिंदीत मागाला करघा म्हणतात, गुजरातीत साळ. मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या विभागाला साळखातं म्हणत आणि यंत्राला साचा. विणकराला आपण साळी म्हणतो तोही या बाजूचा. तिकडे कुठे माग नाही. बंगालीत मागाला तांत म्हणतात, आपल्याकडे बायका जी तांताची साडी घेतात ती त्यावरून. तोही वेगळा.

आणि मग दक्षिणेकडे दोन पावलं टाकायची. सोलापूरहून ती दोन पावलंच आहेत. अक्कलकोट ओलांडलं की घराघरांत कन्नड. कन्नडमध्ये मागाला म्हणतात मग्ग. हातमाग म्हणजे कैमग्ग, कै म्हणजे हात. तेलुगूमध्ये मग्गम. यंत्रमाग म्हणजे मरमग्गम, मर म्हणजे यंत्र. हातमाग आणि कैमग्ग, यंत्रमाग आणि मरमग्गम, एकाच मापाचे शब्द. मुलगा हे ऐकून म्हणाला, "आमची अव्वा मग्गंच म्हणते. आम्हाला वाटायचं ती चुकीचं मराठी बोलते." मला त्या वाक्याने फार वाईट वाटलं. म्हातारी आपली भाषा बरोबर बोलत होती, आणि घरातली मुलं ती मराठी चुकते असं समजत होती.

आता तो नियम परत आठवा. दुहेरी व्यंजन सुटतं, आधीचा स्वर लांबतो. कन्नडमध्ये तुपाला तुप्प म्हणतात, मराठीत तूप. तुप्प आणि तूप, मग्ग आणि माग. माप अगदी तेच. म्हणून मला विचाराल तर विणायचा माग हा आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या घरचा आहे. एक मग्ग प्राकृतातून, मार्गाच्या पोटी जन्मलेला. दुसरा मग्ग दक्षिणेचा, विणकरांच्या घरातला. दोघेही मराठीच्या एकाच दारातून आत आले, दोघांनाही दाराने सारखंच कापलं-बेतलं, आणि आत आल्यावर दोघे जुळ्यांसारखे दिसू लागले. नातं मात्र नाही.

सोलापूरसारख्या ठिकाणी हे घडलं नसतं तरच नवल. सिद्धेश्वराच्या या गावात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात आपली वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. याच जिल्ह्यातल्या हत्तरसंग-कुडल इथे सापडलेला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख मराठीच्या जुन्यात जुन्या दिनांकित लेखांपैकी एक आहे. मराठी आणि कन्नड इथे हजार वर्षं एका ओसरीवर बसल्या आहेत, आणि तेलुगू विणकरांबरोबर येऊन मिसळली. कुठला शब्द कुणाच्या ताटातला, हे जेवणाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

दिसायला सारखे पण नातं नसलेले असे शब्द ओळखायचे आणखीही मार्ग आहेत. मोजून बघावं. 'आमच्याकडे आठ माग आहेत' असं म्हणता येतं. 'पोलिसांनी आठ माग काढले' असं कुणी म्हणत नाही. यंत्र मोजता येतं, सुगावा मोजत नाहीत. जोडशब्द बघावेत. हातमाग, यंत्रमाग एका बाजूला, मागमूस, मागोवा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना चालणारा जोडशब्द एकही नाही. लिंग मात्र इथे उपयोगी पडत नाही, दोन्ही माग पुल्लिंगीच. सूत या शब्दात लिंग मदतीला येतं. ते सूत म्हणजे धागा, सूत्रावरून आलेलं. तो सूत म्हणजे सारथी, कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवलं तो. त्याचा धाग्याशी काही संबंध नाही. धाग्याच्या सुताचं कूळ मात्र मोठं आहे. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला, कारण लाकडावर रेघ मारायला तो सूत धरायचा. आजही मिस्त्री इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतो. दोघांचं पटलं तर सूत जुळलं, वात्रट पोरगं वठणीवर आलं तर सुतासारखं सरळ आलं. नाटकाचा सूत्रधार आणि तुमच्या दाराची चौकट करणारा सुतार हे एकाच नावाचे दोन धनी आहेत, हे मुलाला सांगितलं तेव्हा त्याने ते वहीत दोनदा अधोरेखित केलं.

वीण हा आणखी एक. कापडाची वीण विणण्यावरून. पाखरांचा विणीचा हंगाम, गायीम्हशींची वीण, ती विण्यावरून, म्हणजे पिल्लाला जन्म देण्यावरून. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींचं रूप एक, कूळ वेगळं. पण यात मन फसतं. विणणं म्हणजे काहीतरी नवं निर्माण करणं, म्हणून जन्म देणंही तेच, असा पूल बांधायचा मोह होतो. धोट्याच्या मार्गाचा पूल मी असाच बांधला होता. पूल सुंदर असला म्हणून खालून नदी वाहतेच असं नाही.

उलट कधीकधी नातं खरं असतं आणि ते कुणाला दिसत नाही. तंत्रज्ञान हा शब्द घ्या. आज तो उच्चारला की संगणक, मोबाईल डोळ्यांपुढे येतात. पण तंत्र हा शब्द तन् या धातूवरून आला. तन् म्हणजे ताणणे. ऋग्वेदात तो विणकामासाठी, मागावर ताणलेल्या सुतासाठी येतो. बंगालीतला तांत हा त्याच तंत्राचा नातू. मागावर सूत ताणलं की कापडाचा सांगाडा उभा राहतो, पुढचं सगळं त्या सांगाड्यावर चढतं. म्हणून तंत्र म्हणजे सांगाडा, मग व्यवस्था, मग शास्त्र, मग काम करायची रीत. जो स्वतःच्या व्यवस्थेने चालतो तो स्वतंत्र, दुसऱ्याच्या व्यवस्थेत अडकलेला तो परतंत्र. तंतू, ताणा, ताण आणि तंत्रज्ञान, हे एका घरचे. 'तंत्रज्ञानामुळे हातमाग मागे पडला' असं वाक्य मी निबंधांत कितीदा वाचलं आहे. त्या वाक्यातला पहिला शब्दच मागावर जन्मला आहे, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

धोटा आता हळूहळू जातो आहे. नव्या रॅपिअर मागांवर धोटा नसतो. दोन पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंनी येतात, एक सूत घेऊन येते, दुसरी मध्यावर ते धरून आपल्याकडे ओढते. रॅपिअर म्हणजे इंग्रजीत एक बारीक, लांब तलवार. धोट्याला इंग्रजीत शटल म्हणतात, त्याचाही जुना अर्थ फेकायचं शस्त्र असाच होता. धोट्याच्या येरझाऱ्यांवरून इंग्रजांनी दोन ठिकाणांमध्ये ये-जा करणाऱ्या गाडीला शटल म्हटलं, आणि आपणही ते घेतलं. विणकर नसलेली माणसं शटल हा शब्द वापरत राहतील आणि विणकरांची मुलं धोटा विसरतील, अशी मला भीती वाटते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मागाच्या भागांची नावं लिहून घेते. घरी विचारून आण म्हणते.

पेपरापुरतं बोलायचं तर तपासणाऱ्यांची बाजूही मला दिसते. प्रश्न वाक्प्रचाराचा होता. वाक्प्रचारात शब्दांचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ रूढ झालेला असतो. 'मागावर असणे' म्हणजे पाठलाग करणे, हा तो रूढ अर्थ, आणि तो मुलाला यायला हवा होता. मुलाने सरळ अर्थ लिहिला. पण त्याचं वाक्य चुकीचं नव्हतं. त्यावर फुली नको होती. शेजारी एक ओळ लिहायला हवी होती, की हा माग वेगळा, विचारलेला माग वेगळा. ज्या शहरात निम्म्या वर्गाच्या घरी विणकामाचा पैसा येतो तिथे तरी ती ओळ लिहायला हवी होती. आपल्या बापाच्या कामाचं नाव लिहिल्याबद्दल मुलाला शून्य मिळालं, तर पुढच्या वेळी तो ते नाव लिहिणार नाही.

रविवारी त्याच्या आईने मला घरी बोलावलं. घराच्या पाठीमागच्या शेडमध्ये चार माग, त्यातले दोन बंद. "चादरीला मागणीच नाही हो बाई, म्हणून दोन माग बंद ठेवलेत," ती म्हणाली. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मागणी आणि माग, त्याच्या ते बरोबर ध्यानात आलं होतं. मी मान हलवली.

तेवढ्यात चालू मागांपैकी एक थांबला. तार तुटली होती. त्याचे वडील वाकले, कापडाच्या कडेपासून फणीपर्यंत बोट फिरवत गेले, रिकामा दात सापडला तिथे थांबले. मग वळसा घालून पलीकडे गेले आणि बीमवरून येणाऱ्या शेकडो तारांमध्ये तुटलेलं टोक शोधू लागले. चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळे तारांना जवळजवळ टेकलेले. मिनिटभर शेडमध्ये फक्त दुसऱ्या मागाची खटखट.

"पप्पा कुठंयत?" आतून धाकट्या बहिणीने ओरडून विचारलं.

"मागाच्या मागे," मुलगा म्हणाला, आणि थबकला. "तारेचा माग काढायलेत."

वडिलांना टोक सापडलं होतं. त्यांनी त्याला नवी तार गाठवली, वहीच्या डोळ्यातून ओवली, आकडीने फणीच्या रिकाम्या दातातून पुढे ओढून घेतली आणि माग सुरू केला.